कोळी, रात्री जाळे विणणारा (कोकण किनारा)

दिवस मावळल्यावर चाकासारखे गोल जाळे विणणारे आणि उजाडण्यापूर्वी बहुधा ते स्वतःच खाऊन टाकणारे, अष्टपाद वर्गाच्या ॲरॅनिडी कुळातील कोळी. कोकणात माडा-पोफळीच्या आगरांत, आंबा-काजूच्या बागांत, चिऱ्याच्या गडग्यांवर आणि घराच्या पडवीत ते राहतात. माणसाच्या सर्वांत जवळ वावरणारी त्यांची प्रजाती म्हणजे निओस्कोना.

घराच्या आढ्याला लोंबणारी, धूळ धरलेली जळमटे या कोळ्यांची नव्हेत. ती लांब पायांच्या, वेगळ्या कुळांतल्या घरकोळ्यांची असतात आणि महिनोन्महिने तशीच राहतात. निओस्कोना सकाळी मागे ठेवतो तो फार तर एखादा आडवा धागा. तरीही दिवाळीच्या साफसफाईत वाशाच्या खाचेत झोपलेल्या या कोळ्यावरच झाडू फिरतो, हे खरोखर अन्यायाचे आहे. दिवसभर जाळ्याच्या मध्यावर ठाण मांडून बसणारा मोठा काळा-पिवळा नेफिलाही निराळा; त्याचे जाळे दिवसाही उभे असते.

निओस्कोनाची मादी साधारण एक सेंटिमीटर लांबीची, तपकिरी, गोलसर उदराची आणि काटेरी केसांच्या पायांची असते. नर बराच लहान असतो. पराविक्सिया देहानी ही जाती याहून मोठी असून तिचे उदर खांद्याशी टोकदार, त्रिकोणी असते. दिवसा पाय आवळून बसली की ती वाळके पान वाटते. डोळे आठ असले तरी जाळे विणताना त्यांचा उपयोग थोडाच. सगळे काम पायांच्या स्पर्शावर चालते.

तिन्हीसांजेला मादी उंच जागी बसून वाऱ्यावर एक बारीक धागा सोडते. तो समोरच्या फांदीला किंवा पडवीच्या खांबाला अडकला की त्यावरून ये-जा करून ती हा पूल भक्कम करते. मग मधोमध दुसरा धागा खाली ताणून घेते. तिथे जाळ्याचा मध्य ठरतो. पुढे चौकट, चौकटीला आरे. आरे पुरे झाले की मध्यापासून बाहेर विरळ फेरे घातले जातात. हे फेरे चिकट नसतात. ती गवंड्याची परांची आहे. परांचीवर पाय रोवत कोळी बाहेरून आत वळतो, दाट चिकट फेरे घालत येतो आणि वाटेतली परांची तोडत जातो. अर्ध्या-एक तासात जाळे तयार होते. आरे मजबूत आणि कोरडे. फेऱ्यांचा धागा मात्र मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला तरी तुटत नाही. दोन्ही धागे उदरातल्या वेगवेगळ्या ग्रंथींतून येतात. चिकट द्रव आणखी निराळ्या ग्रंथींतून येतो आणि धाग्यावर मण्यांसारखा गोळा होतो. त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून तो मऊ आणि चिकट राहतो. माणसाला बेजार करणारी कोकणातली दमट रात्र या कोळ्याच्या कामाची असते.

कोळी हाच शब्द मराठीत मच्छीमारांसाठीही आहे आणि तुलना करायचीच तर ती रापणीशी नको, डोल जाळ्याशी करावी. रापण माशांना वेढून किनाऱ्याकडे ओढली जाते. डोल जागेवर रोवलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी तिच्यात येते. इथे ओढ वाऱ्याची आणि उजेडाची. व्हिएन्नातील एका पुलावरच्या कोळ्यांवर आस्ट्रिड हाइलिंग यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिव्याजवळच्या जागा कोळी पसंत करतात आणि तिथे भक्ष्यही अधिक मिळते, असे आढळले. मिरगानंतर पडवीतल्या दिव्याभोवती किडे दाटतात, तेव्हा हेच चित्र कोकणात घरोघर दिसते.

मध्यावर डोके खाली करून बसलेल्या मादीला आऱ्यांची थरथर पायांतून कळते. साध्या किड्याला ती आधी रेशमात गुंडाळते, मग चावते. पतंगाला मात्र आधी चावावे लागते, कारण त्याच्या पंखांवरचे सुटे खवले जाळ्याला चिकटून गळतात आणि तो निसटतो; हे टॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवले. भक्ष्यावर पाचकरस सोडून ती त्याचा द्रव शोषून घेते.

पहाटे जाळे गिळले जाते. यात काटकसर आहे: डेव्हिड पीकॉल यांच्या १९७१ च्या प्रयोगांत जुन्या जाळ्यातली प्रथिने नव्या जाळ्यात पुन्हा वापरलेली आढळली. लपण्याचे कारणही तितकेच मोठे आहे. दिवसा पक्षी असतात आणि कुंभारीण माशी असते. भिंतीवरचे तिचे मातीचे घरटे फोडले, तर आत डंखाने लुळे केलेले जिवंत कोळी तिच्या अळीसाठी साठवलेले सापडतात. विणण्याची ही वेळ सहजी बदलत नाही. पहाटे विणणाऱ्या कोळ्यांसाठी जागायला कंटाळलेल्या हान्स पेटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या विनंतीवरून औषधशास्त्रज्ञ पेटर विट यांनी १९४८ मध्ये ही वेळ बदलावी म्हणून कोळ्यांना औषधे दिली. जाळ्यांचे आकार बिघडले, वेळ तीच राहिली.

प्रौढ नर शिकारीचे जाळे विणत नाही. मादीच्या जाळ्याला धागा जोडून तो ठरावीक तालात हलवतो आणि भक्ष्य समजून खाल्ले जाण्याचा धोका पत्करतो. मादी रेशमी पिशवीत अंडी घालते. पिल्ले काही दिवस एका झुबक्यात राहतात. हात लागला की झुबका फुटून चहूकडे पांगतो. पुढे ती धागा सोडून वाऱ्यावर तरंगत दूर जातात. डार्विनच्या जहाजावर १८३२ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर असे कोळी उतरले होते.

पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, पूर्ण वाढलेल्या माद्यांची जाळी सर्वाधिक दिसतात. भातशेतीत ही जाळी तुडतुडे आणि पतंग धरतात, म्हणून कीटकनाशकाची सरसकट फवारणी केली की हा फुकटचा राखणदारही मरतो. माणसाला या कोळ्यांचे विष घातक नाही. हाताने दाबल्याशिवाय ते सहसा चावत नाहीत. रात्री पाखाडीवर आडवे आलेले जाळे वाकून ओलांडावे. सकाळी ते बहुधा तिथे नसते.