कोल्हापुरीचे आठ जिल्हे: चार महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे

अंबाबाईचं दर्शन झालं की पर्यटक चप्पल लाइनकडे वळतात. तिथून आठवण म्हणून घरोघरी गेलेल्या जोडांपैकी कितीतरी जोड कर्नाटकातल्या निपाणीत, अथणीत नाहीतर अथणी तालुक्यातल्या मदभावीत बांधलेले असतात. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या, तेव्हा बातम्या झाल्या त्या कोल्हापूरच्या. सीमाभागातल्या कारागिरांचा उल्लेख उशिरा आणि ओझरता आला.

करवीर दरबाराने चर्मोद्योगाला दिलेलं उत्तेजन सर्वांना ठाऊक आहे. अथणी मात्र त्या संस्थानात नव्हती, ती इंग्रजी अमलाखालच्या बेळगाव जिल्ह्यात होती. १९४९मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि दोन्ही गावं एका राज्यात आली, तीही जेमतेम सात वर्षं. १ नोव्हेंबर १९५६ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. बांधणी अथणी-निपाणीत आणि विक्री कोल्हापुरात, हा व्यवहार त्यानंतरही चालू राहिला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, पुरुषांनी केलेले तळ, बायकांनी घातलेली वेणी आणि चामड्याच्याच दोऱ्याची शिलाई: पद्धत दोन्हीकडे एकच.

म्हणूनच भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणाऱ्या जीआय नोंदणीचा, निर्णय नीट समजून घ्यायला हवा. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना ते संयुक्तपणे मिळालं, २०१९मध्ये त्याची बातमी आली आणि महाराष्ट्रात नाराजी उमटली. नाव कोल्हापूरचं, मग वाटा कर्नाटकाला का, हा आक्षेप. मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. आक्षेपामागची भावना समजते, पण मानांकन नावाबरोबर उत्पादन कुठे आणि कसं होतं तेही पाहतं. बेळगाव जिल्हा वगळला असता तर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरं कायद्याने नकली ठरली असती. ते अन्यायाचं झालं असतं. खरी अडचण पुढे आहे: हक्क महामंडळांच्या नावावर, आणि कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. घरी बसून वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत हे कागद कोण नेणार?

मधल्या काळात कातड्याची ओढाताणही वाढली. महाराष्ट्रात २०१५मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, कर्नाटकात २०२१पासून नवा कायदा लागू झाला. दुकानांत रेक्झिनचे जोड आधीपासूनच होते. स्वस्त जोड हातात आला तर आधी वास घ्यावा आणि शिलाई पाहावी.

मिलानच्या प्रकरणानंतर कर्नाटकातल्या एका मंत्र्यांनी अथणी, निपाणी, चिक्कोडी आणि रायबागच्या कारागिरांनाही श्रेय द्यावं, असं जाहीरपणे म्हटलं. प्राडाविरुद्धची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका २०२५च्या जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला: दोन्ही राज्यांत २,००० जोड बनवायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. या जोडांवर बांधणाऱ्याचा तालुकाही छापावा, एवढी मागणी दोन्ही महामंडळांनी आता लावून धरायला हवी.