गोल्फचा हँडिकॅप: घासाघिशीपासून जागतिक आकड्यापर्यंत

सत्तरी गाठलेला मुरलेला खेळाडू आणि नुकताच खेळू लागलेला तरुण गोल्फच्या एकाच स्पर्धेत उतरू शकतात आणि दोघांनाही जिंकण्याची खरी संधी असते, ती हँडिकॅपमुळे. प्रत्यक्ष मारलेल्या फटक्यांतून, म्हणजे ग्रॉस स्कोअरमधून, ज्याच्या त्याच्या हँडिकॅपइतके फटके वजा केले की नेट स्कोअर उरतो आणि निकाल त्यावर लागतो; ज्याचा तो सर्वांत कमी, तो जिंकतो. गल्लीतल्या खेळात लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून सांभाळून घेतात, तसाच हा प्रकार असावा असे प्रथमदर्शनी वाटते. पण कच्च्या लिंबूचे बाद होणे मुळी धरतच नाहीत, तर गोल्फमध्ये एकूण एक फटका मोजला जातो आणि त्या मोजदादीतूनच सवलत ठरते. ही मोजदाद न्याय्य कशी करावी, यावर तीन शतकांहून अधिक काळ विचार होत आला आहे.

एडिंबरोमधील वैद्यकाचा विद्यार्थी थॉमस किंकेड याच्या १६८७ सालच्या रोजनिशीत गोल्फविषयीच्या नोंदी आहेत आणि कमकुवत प्रतिस्पर्ध्याला सवलत देऊन सामना बरोबरीचा करावा की करू नये, या प्रश्नाचा त्याने तेव्हाच ऊहापोह केलेला दिसतो. पुढे बराच काळ हा प्रश्न दोन खेळाडूंनी आपापसांत सोडवायचा, अशीच रीत राहिली. दर दुसऱ्या होलला, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याच्या मैदानावरील टप्प्याला, एक फटका, दर तिसऱ्या होलला एक फटका, अशा सवलती सामन्यापूर्वी बोलून ठरत. समोरचा कसा खेळतो हे दोघांनाही ठाऊक असे, त्यामुळे या घासाघिशीत फारसे काही बिघडत नसे. अडचण आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा ब्रिटनमध्ये क्लबांची संख्या झपाट्याने वाढली आणि एकाच दिवशी अनेक खेळाडू एकमेकांविरुद्ध फटक्यांची स्पर्धा खेळू लागले. मग प्रत्येक क्लबाची समिती आपल्या सभासदांना आकडा देऊ लागली. तो आकडा त्या क्लबापुरता खरा असे. सोप्या मैदानावर मिळालेला हँडिकॅप घेऊन खेळाडू अवघड मैदानावर गेला की हिशेब साफ कोलमडत असे.

हा पेच आधी महिलांनी सोडवला, आणि या इतिहासातील त्यांचे श्रेय ठळकपणे नोंदवायला हवे. १८९३ साली ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिच्या पहिल्या सचिव इसेट पिअर्सन या स्वतः उत्तम खेळाडू होत्या. महिलांच्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेच्या १८९३ आणि १८९४ अशा पहिल्या दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांनी धडक मारली होती आणि दोन्ही वेळा लेडी मार्गारेट स्कॉट विजयी झाल्या होत्या. खेळाडूची गुणवत्ता मोजण्याआधी मैदानाची काठिण्यपातळी ठरली पाहिजे, हे पिअर्सन यांनी ओळखले आणि संघटनेशी जोडलेल्या क्लबांची मैदाने एका मापाने जोखण्याचे चिकाटीचे काम पुढील काही वर्षांत उभे केले. पुरुषांच्या संघटनांना ब्रिटनभर असे सामाईक माप आणायला १९२०चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या लेटन कॅल्किन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या पद्धतीच्या आधारे तेथील गोल्फ संघाने १९११ साली राष्ट्रीय हँडिकॅप पद्धत स्वीकारली.

मुंबईचा या खेळाशी संबंध त्याहून जुना आहे. येथील रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२चा, म्हणजे कलकत्त्याच्या १८२९च्या क्लबानंतर अवघ्या तेरा वर्षांनी निघालेला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब उभा राहिला, ज्याची दारे आरंभापासून भारतीयांनाही खुली होती, आणि १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. देशातील हौशी गोल्फचा कारभार पाहणारी इंडियन गोल्फ युनियन १९५५ साली स्थापन झाली.

मैदान जोखण्याच्या पद्धतीत तरीही एक मोठी उणीव राहून गेली होती. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूला, ज्याचा हँडिकॅप शून्य आहे अशाला, सर्वसाधारण परिस्थितीत त्या मैदानावर किती फटके लागावेत याचा अंदाज. परंतु सामान्य खेळाडूची दमछाक वेगळ्याच ठिकाणी होते. टीपासून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेपासून, २२० यार्डांवर नाला आहे असे धरू. पहिला फटका सुमारे २५० यार्ड मारणारा स्क्रॅच खेळाडू तो सहज पार करतो, त्याच्या लेखी तो नाला जवळपास नसल्यासारखाच. २००च्या आसपास मारणारा बोगी खेळाडू, म्हणजे वीसच्या आसपास हँडिकॅप असलेला सामान्य खेळाडू, मात्र एक तर पाण्यात जातो किंवा अलीकडे थांबून एक फटका घालवतो. असे अडथळे जितके अधिक, तितके या दोघांमधले अंतर वाढते. अमेरिकन अभियंते डीन क्नुथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे अंतर मोजण्याची रीत बसवली आणि तिच्यातून स्लोप रेटिंग जन्माला आले. १९८२ साली कोलोरॅडो राज्यात त्याचा पहिला वापर झाला आणि १९८७पर्यंत ते अमेरिकाभर पोहोचले. स्लोप ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानतात. माझ्या मते हँडिकॅपच्या संपूर्ण इतिहासात सामान्य खेळाडूच्या हिताचा याहून मोठा बदल झालेला नाही.

तरीही २०१९पर्यंत जगात सहा वेगवेगळ्या पद्धती नांदत होत्या. जानेवारी २०२०पासून आर अँड ए ही ब्रिटनमधील गोल्फची नियामक संस्था आणि अमेरिकेचा गोल्फ संघ यांनी मिळून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम लागू केली आणि या सहाही पद्धती तिच्यात विलीन झाल्या. आता खेळाडूजवळ हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे ज्यावरून त्या-त्या मैदानावरचा हँडिकॅप काढतात तो आकडा, असतो, तो शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांच्या सरासरीवर निघतो आणि त्याची कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही ५४.० आहे. सर्वोत्तम आठच धरल्यामुळे हा आकडा खेळाडूची नेहमीची कामगिरी सांगत नाही, तो काय करू शकतो हे सांगतो. म्हणून आपल्या हँडिकॅपइतके चांगले खेळणे चार-पाच फेऱ्यांतून एखाद्या वेळीच जमते. नवख्यांनी हे आधीच ध्यानात घेतले तर बरीच निराशा टळेल.

हँडिकॅप मिळवण्यासाठी ५४ होलांची कार्डे जमा करावी लागतात. ती अठरा होलांच्या तीन फेऱ्यांची असोत किंवा नऊ-नऊ होल जोडून केलेली असोत. फेरी नियमांनुसार आणि किमान एका सोबत्याबरोबर खेळलेली हवी, आणि कार्डाला मार्करचा, म्हणजे स्कोअर नोंदवणाऱ्या सोबत्याचा, दुजोरा हवा. समजा, कोर्स रेटिंग ७०.१ आणि स्लोप १२० असलेल्या मैदानावर एखाद्याला ९५ फटके लागले. ९५मधून ७०.१ वजा केल्यावर उरलेल्या २४.९ला ११३ने गुणून १२०ने भागले की २३.४ हा त्या फेरीचा डिफरन्शियल येतो. पुढील दोन फेऱ्यांचे २६.१ आणि २८.० आले, तर तिन्हींतला सर्वांत कमी २३.४ घेऊन त्यातून २.० वजा होतात आणि पहिला इंडेक्स २१.४ ठरतो. पहिली कार्डे भरताना एखाद्या होलवर गाडी अडली, तरी पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, जास्तीत जास्त पाचच फटके अधिक धरले जातात, त्यामुळे एका वाईट होलने सगळा हिशेब बिघडत नाही.

मुंबईत यासाठीची रूढ वाट इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबामधूनच जाते आणि शहरातील क्लबांचे सभासदत्व किती दुर्मीळ व महाग आहे, हे सर्वश्रुत आहे. सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येते, ही त्यातली मोठी दिलाशाची बाब आहे. पण खेळायला मिळणे आणि अधिकृत आकडा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या गोल्फ संघटनेने २०२१ साली क्लबाचे सभासद नसलेल्यांनाही वर्गणी भरून हँडिकॅप मिळवण्याची सोय केली. खारघरसारख्या मैदानावर घडणाऱ्या मुलामुलींसाठी तशी सोपी वाट असायलाच हवी.

एकदा मिळालेला इंडेक्स प्रत्येक कार्डागणिक हलत राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात जमीन भिजून चेंडू पडल्या जागी रुततो, फेअरवेवर, म्हणजे टी आणि होल यांमधल्या कापलेल्या हिरवळीवर, घरंगळत नाही आणि साऱ्यांचेच स्कोअर चढतात. अशा दिवशी त्या मैदानावरची किमान आठ ग्राह्य कार्डे आली असतील, तर अपेक्षेशी तुलना करून सर्वांच्या हिशेबात दुरुस्ती होते, आणि ती कमाल तीन फटक्यांपर्यंतची असू शकते. उलट, स्पर्धेत फायदा मिळावा म्हणून मुद्दाम वाईट कार्डे भरून आकडा चढवणाऱ्यांनाही लगाम आहे: वर्षभरातील सर्वांत कमी इंडेक्सच्या वर तीन फटक्यांपलीकडची वाढ निम्म्यानेच धरली जाते आणि पाचच्या पुढे ती थांबते. एखाद्याचा इंडेक्स त्याच्या खेळाशी उघडच विसंगत दिसत असेल, तर तो बदलण्याचा अधिकार क्लबाच्या हँडिकॅप समितीला आजही आहे.