कावळा शिवेपर्यंत : गेममधल्या मरणाची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात आमच्या गावात टीव्हीला जोडायचा गेम आला, तो 'कॉन्ट्रा'ची कॅसेट घेऊनच. तीन लाइफ मिळायच्या. वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबायची युक्ती केली की तीस. लाइफ गेली की नवा गडी हजर. नाण्यावर चालणाऱ्या मशीनपासून आलेली ही रीत. गिऱ्हाइकाचं मरण म्हणजे पुढचं नाणं, साधा हिशेब.

1997 मध्ये 'फायनल फँटसी 7' या जपानी गेमनं तो मोडला. सोबतची एरिथ अर्ध्या वाटेवर मारली जाते आणि परत येत नाही. तिला जिवंत करायची गुप्त युक्ती आहे म्हणून पोरं पुढं कित्येक वर्षं शोधत राहिली. तेरवी झाल्यावरही दाराकडं पाहत बसावं, तसं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती 2013 च्या 'ब्रदर्स'ची करामत. स्वीडनच्या जोसेफ फारेसचा हा गेम. डाव्या हातानं थोरला भाऊ चालवायचा, उजव्यानं धाकटा. आई बुडून गेलेली, म्हणून धाकट्याला पाण्याचं भेव. थोरला त्याला पाठीवर घेऊन पोहतो. शेवटी थोरला जातो. त्याला मातीही धाकट्यालाच द्यावी लागते. मग नदी आडवी येते, पोरगं काठावर अडतं. आता थोरल्याचं, डाव्या हाताचं, बटण दाबलं तरच ते पाण्यात उतरतं. इतका वेळ रिकामा पडलेला डावा हात! हे सिनेमाला जमणार नाही.

2016 चा 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' रायन आणि एमी ग्रीन या जोडप्यानं आपल्या जोएलवर केला. पोरगा 2014 मध्ये पाच वर्षांचा असताना गेला. दवाखान्यातल्या रात्री तो रडतो, आणि तुम्ही काहीही करा, रडं थांबत नाही. जिंकण्यासारखं तिथं काही ठेवलेलंच नाही.

2020 चा 'स्पिरिटफेअरर' मात्र आपल्या माणसाला लगेच कळावा. मेलेल्यांना नावेत घ्यायचं, हवं ते रांधून घालायचं, मनातलं राहिलेलं पुरं करायचं, मिठी मारायची. मन भरलं की तेच म्हणतात, आता सोड.

मोठ्या काकांच्या दहाव्याला आम्ही वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरला गेलो होतो. पिंड मांडून तास झाला, कावळा शिवेना. (हल्ली कावळेही कमीच.) कोणी म्हणालं पान ठेवा, कोणी तंबाखू. शेवटी धाकटे काका हात जोडून पुढं झाले, "पोरीच्या लग्नाचं मी पाह्यतो, दादा, तू फिकर नोको करू."

कावळा उतरला.

'स्पिरिटफेअरर'मध्ये माणूस गेल्यावर नावेवरची त्याची खोली तशीच राहते, आत त्याचं एक फूल उगवतं. काकांची खाट अजून ओसरीतच आहे. सध्या तिच्यावर सरकीचं पोतं असतं.