कादंबरीचे पहिले वाक्य : वाचकांच्या एका प्रथेची पार्श्वभूमी

अभंग, आरती आणि भावगीत यांची ओळख पहिल्या ओळीवरून पटते, आणि म्हणूनच गाथेच्या किंवा गीतसंग्रहाच्या शेवटी पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची दिलेली असते. कादंबरी मात्र शीर्षकाने मागितली जाते, त्यामुळे तिचा आरंभ लक्षात ठेवण्याची वाचकाला व्यवहारात गरज पडत नाही. असे असूनही कादंबरीचे पहिले वाक्य पाठ करून दुसऱ्या वाचकाला सांगण्याची, त्यावरून पुस्तक ओळखायला लावण्याची प्रथा गेल्या काही दशकांत बळावली. आरंभाविषयीचे कुतूहल अर्थातच जुने आहे. ‘कुमारसंभव’, ‘मेघदूत’ आणि ‘रघुवंश’ यांची आरंभीची पदे ‘अस्ति कश्चिद् वाग्विशेषः’ या एकाच प्रश्नातून निघाली, ही आख्यायिका संस्कृतच्या वर्गात आजही सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीच्या वाचकाचे लक्ष मात्र दुसरीकडे असावे. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूप झाली. अशा वाचनात पुढच्या अंकाची ओढ लावणारा प्रकरणाचा शेवटच अधिक मोलाचा ठरणार.

आजच्या प्रथेला आकार मिळाला तो प्रामुख्याने अमेरिकेतील दोन घटनांमुळे. १९८२ मध्ये तेथील एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाने काल्पनिक कादंबरीचे जाणूनबुजून वाईट लिहिलेले पहिले वाक्य मागवणारी स्पर्धा सुरू केली. तिला निमित्त होते १८३० सालच्या ‘पॉल क्लिफर्ड’ या इंग्रजी कादंबरीचा आरंभ, ज्यात काळोख्या, वादळी रात्रीचे वर्णन आहे. त्यानंतर २००६ मध्ये एका समीक्षापत्रिकेने कादंबऱ्यांच्या सर्वोत्तम शंभर पहिल्या वाक्यांची क्रमवार यादी छापली. स्पर्धेने ज्या वाक्याला वाईट लेखनाचा नमुना ठरवले होते, त्यालाही या यादीत जागा मिळाली. ‘सर्वोत्तम’ म्हणजे ‘सर्वांत ठाऊक असलेले’ अशी सरमिसळ तेथेच झाली, आणि ती पुढे कधी निस्तरली गेली नाही.

यादीवरचा खरा वाद पहिल्या क्रमांकाचा आहे. तो मिळाला ‘मोबी डिक’मधील ‘मला इश्माएल म्हणा’ या अर्थाच्या तीन शब्दांच्या वाक्याला. परंतु १८५१ च्या अमेरिकी आवृत्तीत ही कादंबरी या वाक्याने सुरू होतच नाही. आधी ‘देवमासा’ या अर्थाच्या शब्दाची व्युत्पत्ती येते, मग देवमाशांविषयी निरनिराळ्या ग्रंथांतून वेचलेल्या उताऱ्यांची पानेच्या पाने येतात, आणि त्यानंतर पहिले प्रकरण उघडते. हा मजकूर प्रस्तावनेसारखा बाहेरचा मानावा, तर तेही जमत नाही, कारण व्युत्पत्ती एका क्षयग्रस्त शाळामास्तराच्या आणि उतारे एका दुय्यम ग्रंथपालाच्या नावावर घातलेले आहेत, आणि ही दोन्ही पात्रे लेखकानेच निर्माण केलेली आहेत. त्याच वर्षी महिनाभर आधी लंडनमध्ये निघालेल्या तीन खंडांच्या आवृत्तीत हे उतारे शेवटच्या खंडाच्या अखेरीस ढकलले गेले होते, त्यामुळे तेथील वाचकाला इश्माएल खरोखरच आधी भेटला. म्हणजे एकाच पुस्तकाचे ‘पहिले वाक्य’ आवृत्तीगणिक बदलते. यादी करणाऱ्यांनी निवेदकाचा आवाज जेथून सुरू होतो तेथून मोजदाद केली. हा निर्णय समजण्यासारखा असला, तरी तो निर्णय होता हे सांगितले जायला हवे होते.

वाक्य कोठे सुरू होते याइतकाच ते कोठे संपते हा प्रश्न बिकट आहे, आणि माझ्या मते खरी हानी तेथे होते. १८५९ सालच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चे पहिले वाक्य मुळात सुमारे १२० शब्दांचे आहे. तो काळ सर्वोत्तम होता आणि तोच सर्वांत वाईट होता, एवढाच त्याचा भाग सर्वत्र फिरतो. त्या वाक्याचा शेवट मात्र असे सांगतो की तो काळ आजच्यासारखाच होता आणि त्यातील मोठ्या आवाजाच्या जाणकारांनाच तो टोकाच्या विशेषणांत मांडायचा होता. अर्धे वाक्य उद्धृत करणारा वाचक लेखकाने ज्यांची खोडी काढली त्यांचेच म्हणणे लेखकाच्या तोंडी घालतो. १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये पहिले वाक्य पूर्ण उद्धृत केले तरी हेच घडते. श्रीमंत अविवाहित पुरुषाला पत्नी हवीच असते हे ‘सर्वमान्य सत्य’ मुलींच्या घरच्यांचे आहे, त्या पुरुषाचे नव्हे, हे दुसऱ्या वाक्यात उघड होते, आणि ते दुसरे वाक्य कोणी सहसा सांगत नाही.

तोकड्या वाक्यांचे पारडे जड होण्यास माध्यमाचाही हातभार लागला. मोजक्या १४० अक्षरांत संदेश बसवायला लावणारे समाजमाध्यम २००६ मध्येच सुरू झाले, आणि ही मर्यादा दुप्पट व्हायला २०१७ साल उजाडले. मराठीत अडचण आणखी वेगळी होती. युनिकोड सर्रास वापरात येईपर्यंत एका फॉन्टमध्ये टंकलेला देवनागरी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येईलच अशी खात्री नव्हती, त्यामुळे मराठी कादंबऱ्यांचे आरंभ पडद्यावर उशिरा आले. आले तेव्हाही बरेचसे आठवणीतून टंकलेले होते, आणि विरामचिन्हे व जुने अनुस्वार त्यात गळून पडले.

या देवाणघेवाणीत १९६३ सालच्या ‘कोसला’ला मानाचे स्थान आहे आणि ते रास्तच आहे. ‘मी पांडुरंग सांगवीकर’ हे पहिले वाक्य केवळ नाव सांगते. पुढच्या वाक्यात तो आज ‘उदाहरणार्थ’ पंचवीस वर्षांचा असतो आणि त्यानंतर ‘वगैरे’ येते. कादंबरीचा सारा सूर या दोन शब्दांत आहे, म्हणून मराठी वाचक येथे पहिल्या वाक्यावर न थांबता पुढेही सांगतात. काटेकोर नियम लावला तर हे बसणार नाही, पण वाचनाच्या दृष्टीने हीच रीत योग्य आहे. त्याच्याही आधी शंभरांतल्या नव्व्याण्णवांना उद्देशून केलेली अर्पणपत्रिका आहे. ती कादंबरीचा आरंभ धरावी की नाही, याविषयी ‘मोबी डिक’च्या उताऱ्यांसारखेच दोन पक्ष संभवतात. मला ती धरावीशी वाटते, कारण पांडुरंग कोणाशी बोलतो आहे हे तीच सांगते.

अलीकडे टंकण्याऐवजी पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवण्याकडे कल वाढला आहे. त्यामुळे दुसरे आणि तिसरे वाक्य आपोआप सोबत येते आणि शुद्धलेखनही मूळ आवृत्तीचे राहते. मात्र छायाचित्र बहुधा पहिल्या प्रकरणाच्या पानाचे असते, आणि त्याच्या अलीकडची पाने अजूनही त्यात येत नाहीत.