आयर्लंड : घटनेत लिहिलेलं, मतपेटीतून खोडलेलं

समलिंगी विवाहाला थेट सार्वमताने मान्यता देणारा पहिला देश म्हणून २०१५ मध्ये आयर्लंड जगभर गाजला. ‘कट्टर कॅथलिक देश एका रात्रीत बदलला’ असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. ती रात्र जवळपास ४५ वर्षं लांब होती.

१९३७ च्या घटनेने चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं (ते १९७२ ला गेलं) आणि घटस्फोटावर बंदी घातली. शाळा बहुतेक चर्चच्याच हातात. गर्भनिरोधकांची विक्री १९३५ पासून बेकायदा. लग्न झालं की सरकारी नोकरीतल्या बाईने राजीनामा द्यायचा, हा नियम १९७३ पर्यंत टिकला. १९७१ मध्ये डब्लिनच्या काही बायका रेल्वेने सीमेपलीकडे, ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या आणि तिथून आणलेली गर्भनिरोधकं कस्टमवाल्यांपुढे नाचवत परतल्या. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, तेव्हा त्यांनी अ‍ॅस्पिरिन आणली. कस्टमवाल्यांना फरक कुठे कळणार होता!

नीतिनियम घटनेतच लिहिलेले, आणि घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं. त्यामुळे प्रत्येक भांडण घरोघरी पोचलं. घटस्फोट १९८६ ला हरला; १९९५ ला सोळा लाखांहून अधिक मतांत जेमतेम नऊ हजारांनी जिंकला. मधल्या काळात पाद्र्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची प्रकरणं बाहेर येऊ लागली होती आणि चर्चचा दरारा ओसरत होता.

१९८३ मध्ये लोकांनीच गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या बरोबरीने घटनेत घातला होता. २०१२ मध्ये गॉलवेत बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं; पण ठोके चालू होते, म्हणून गर्भपात नाकारला गेला. जंतुसंसर्गाने त्या गेल्या. २०१८ ला ६६ टक्के मतांनी ते कलम रद्द झालं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडे गावाचंच कौतुक जास्त झालं.

हा प्रवास एकाच दिशेचा आहे, असंही मानू नये. घरात राहून स्त्री राष्ट्राला आधार देते, अशा अर्थाचं १९३७ चं कलम बदलण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये जवळपास ७४ टक्क्यांनी फेटाळला गेला. विरोधकांत परंपरावादी होते, तसेच नव्या मसुद्यात सरकारने काळजीवाहकांची जबाबदारी झटकली, असं म्हणणारेही होते. ते कलम अजून घटनेत आहे.