वेल्च नको, वेल्चचे कार्यकर्ते हवेत

रॉबर्ट वेल्च हा गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस. डिसेंबर १९५८ मध्ये त्याने इंडियानापोलिसला काही मोजके उद्योजक जमवले, दोन दिवस त्यांच्यापुढे बोलला आणि जॉन बर्च सोसायटी ही कडवी कम्युनिस्टविरोधी, उजवी संघटना काढली. आयसेनहॉवर हे कम्युनिस्टांचे हस्तक आहेत, असं त्याने लिहून ठेवलं होतं. महायुद्ध जिंकून देणारा सेनापती, तोही रिपब्लिकन अध्यक्ष, आणि म्हणे हस्तक! दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराइड मिसळणं हाही बर्चवाल्यांच्या लेखी कटच. हसण्यावारी न्यावं असंच सगळं. पण पत्रकं वाटायला, दारोदार फिरायला, स्थानिक बैठकांत शेवटपर्यंत बसून राहायला हीच माणसं तयार असत.

रिपब्लिकन सिनेटर आणि पुढे १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना तीच हवी होती. १९६२ च्या सुरुवातीला उजव्या विचारांच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ मासिकाचे संपादक विल्यम बकली आणि गोल्डवॉटर यांची याबाबत खलबतं झाली. तोड निघाली ती अशी: झोडपायचं वेल्चला, सभासदांना दुखवायचं नाही. अख्ख्या संघटनेशी या मासिकाने काडीमोड घेतला तो १९६५ मध्ये, म्हणजे निवडणूक उरकल्यावर.

१९६४ ची ती निवडणूक गोल्डवॉटर सपाटून हरले. फक्त सहा राज्यं हाती लागली. त्यांतली पाच दक्षिणेतली, कृष्णवर्णीयांना समान वागणूक देणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर चिडलेली. मागे उरल्या देणगीदारांच्या याद्या. रिचर्ड व्हिगेरी या उजव्या कार्यकर्त्याने सरकारी नोंदींतून त्यांची हजारो नावं हाताने उतरवून घेतली आणि त्यावर टपालाने पैसा गोळा करण्याचं तंत्र उभं केलं. उजव्या संघटना पुढे त्यावर पोसल्या. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले रेगन बर्चवाल्यांबद्दल एवढंच म्हणत, की ते माझे विचार स्वीकारतात, मी त्यांचे नाही.

बर्च सोसायटीच्या संस्थापकांत फ्रेड कोक हे उद्योगपती होते. त्यांच्या मुलांच्या पैशावर चाललेल्या संघटनांनी २००९ नंतर टी पार्टी या रिपब्लिकन पक्षातल्या कडव्या उजव्या चळवळीला बळ दिलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीला, म्हणजे पक्षांतर्गत मतदानाला, मुळात थोडेच लोक येतात, आणि येतात ते कडवे. २०१४ मध्ये व्हर्जिनियात जेमतेम ६५ हजार मतांच्या प्रायमरीत प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमतनेते एरिक कँटर नवख्या प्राध्यापकाकडून हरले. तेव्हापासून इतर खासदार विरोधी पक्षापेक्षा प्रायमरीलाच जास्त बिचकू लागले.

जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन केव्हिन मॅकार्थी मतदानाच्या पंधराव्या फेरीत प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले, तेही एकट्या सदस्यालाही त्यांना हटवण्याचा ठराव मांडता येईल, ही अट मान्य करून. ऑक्टोबरात तो ठराव आला. २१६ विरुद्ध २१० मतांनी ते गेले. त्यांच्या पक्षातले फुटलेले होते आठ.