रेषीय नियोजन (शेतीतील उपयोग)

मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त नफा (किंवा कमीत कमी खर्च) साधण्याची गणिती रीत. नफा आणि मर्यादा दोन्ही एकघाती (चलांचे वर्ग, घन किंवा परस्पर गुणाकार नसलेल्या) राशींत मांडता आल्या पाहिजेत, ही तिची अट.

तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. फ्रेंच गणिती फूर्ये यांनी १८२० च्या दशकात असमानतांच्या संहतींवर (एकत्र सोडवायच्या असमानतांवर) लिहिले होते. तिथून आरंभ धरणे मात्र ओढूनताणून वाटते. सोव्हिएत गणिती कांटोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमधील प्लायवूड उद्योगासाठी यंत्रांच्या कामवाटपाचा प्रश्न सोडवला, पण ते काम पाश्चात्त्य अभ्यासकांपर्यंत फार उशिरा पोचले. अमेरिकी गणिती डँटझिग यांची सिम्प्लेक्स रीत (शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कोपऱ्याकोपऱ्याने महत्तमाकडे जाणारी) १९४७ ची, अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनातून निघालेली. मांडणीचा अग्रमान कांटोरोविच यांना आणि रूढ रीतीचा डँटझिग यांना देणे अधिक सयुक्तिक. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कांटोरोविच व अर्थतज्ज्ञ कूपमन्स यांना मिळाले. डँटझिग त्यात नव्हते. नरेंद्र करमरकर यांची अंतर्बिंदू रीत (कोपऱ्यांऐवजी त्या क्षेत्राच्या आतून जाणारी) १९८४ ची.

विदर्भातील कोरडवाहू शेतीचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. काळी जमीन १० एकर, हंगामाला हाताशी रोख १,६०,००० रु. कपाशीला एकरी खर्च २०,००० व नफा १५,००० रु.; सोयाबीनला खर्च १२,००० व नफा १०,००० रु. सगळी कपाशी लावायची म्हटली तर पैसा ८ एकरांतच संपतो आणि नफा १,२०,००० रु. होतो. सगळे सोयाबीन पेरले तर १,००,००० रु. शक्य क्षेत्राच्या (जमीन व रोख दोन्ही मर्यादा पाळणाऱ्या वाटण्यांच्या) तिसऱ्या कोपऱ्यावर, ५ एकर कपाशी व ५ एकर सोयाबीन असताना, नफा १,२५,००० रु. भरतो; हेच महत्तम.

द्वैती प्रश्नातून (साधनांचे मोल काढणाऱ्या जोडप्रश्नातून) निघणारी छायाकिंमत, म्हणजे साधन एका एककाने वाढल्यास होणारी नफावाढ, याहून बोलकी आहे. वरील उदाहरणात रोख हजार रुपयांनी वाढली तर नफा ६२५ रुपयांनी वाढतो, एक एकर वाढले तर २,५०० रुपयांनी. तेव्हा शेजाऱ्याचे वावर मक्त्याने करायचे झाल्यास एकरी २,५०० रुपयांवर मक्ता परवडत नाही, उसनवारीवर मात्र हंगामाला शेकडा ६२ पर्यंत व्याज कागदावर तरी निघते.

कपाशीच्या काही तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचे एक तास घेतात, तेव्हा दोन्ही पिकांचे उत्पन्न परस्परांवर अवलंबून राहते. अशा आंतरपिकाला सरळ एकघाती रूप देता येत नाही, ती जोडी एकच पीक धरून मांडावी लागते. पावसाचा खंड आणि बोंडअळी मूळ मांडणीत येत नाहीत.